काळ्या पुठ्ठ्यावरची नावं

दिवाळी अंकाच्या संपादकांचा निरोप आला, "तुम्ही पनवेलमध्ये केबल चालवत होतात. त्या दिवसांच्या गमतीजमती लिहा, लोकांना आवडतं." लोकांना आवडतं हे खरं आहे. कुठल्याही लग्नात एखादा टक्कल पडलेला गृहस्थ भेटतो आणि म्हणतो, "वहिनी, काय दिवस होते! दुपारचा पिक्चर, रात्रीचा पिक्चर, आणि मध्ये तुमचा आवाज!" मी हसते आणि ताट घ्यायला जाते. माझ्या कामात पिक्चर हा सगळ्यात सोपा भाग होता. कॅसेट आत ढकलायची आणि बटण दाबायचं. खरं काम काळ्या पुठ्ठ्यांचं होतं, आणि त्यात गमती जेमतेम दोन.

ज्यांनी तो काळ पाहिला नाही त्यांना थोडक्यात सांगते. नव्वदच्या आगेमागे उरण नाक्याजवळच्या एका तीन मजली इमारतीच्या गच्चीवर आमची पत्र्याची खोली होती. खोलीत तीन व्हीसीआर, एक छोटा टीव्ही, स्टँडवर लावलेला एक कॅमेरा, एक माइक आणि एक पंखा. पंखा माझ्यासाठी नव्हता, मशिनं तापू नयेत म्हणून होता. तिथून काळी वायर निघायची आणि गच्च्यांवरून, नारळांवरून लाईन आळी, कापड बाजार करत थेट कोळीवाड्यापर्यंत जायची. माझा नवरा टीव्ही दुरुस्त करणारा. तो छपरांवर चढायचा, मी खोलीत बसायची.

दोन पिक्चरच्या मध्ये आम्ही गावाच्या बातम्या द्यायचो. काळ्या पुठ्ठ्यावर पांढऱ्या पोस्टर कलरने अक्षरं काढायची, पुठ्ठा कॅमेऱ्यासमोर उभा करायचा आणि माइकवर वाचायचा. माझ्या चित्रकलेच्या परीक्षा झालेल्या होत्या, हात सरळ होता. उद्या पाणी येणार नाही. चिंटूला वाढदिवसाच्या शुभेच्छा. भाजी मार्केटमध्ये एक म्हातारे बाबा सापडले आहेत, नाव सांगत नाहीत. आणि शोकसंदेश.

शोकसंदेशाचं महत्त्व आज कळणार नाही. वर्तमानपत्र दुसऱ्या दिवशी येणार, प्रेत तर त्याच संध्याकाळी उचलायचं. फोन चार घरांत. त्यामुळे माणूस गेला की घरचा कोणीतरी आधी भटजींकडे आणि मग माझ्याकडे यायचा. फोटो पुठ्ठ्याला टाचणीने लावायचा, खाली नाव आणि अंत्ययात्रेची वेळ. वाचून झाल्यावरही पुठ्ठा चार-पाच मिनिटं तसाच ठेवायचा, म्हणजे ज्यांच्याकडे टीव्ही नाही अशा शेजाऱ्यांना हाक मारून आणता यायचं. हळूहळू अशी सवय झाली की केबलवर आल्याशिवाय लोक मेलेला माणूस मेला असं धरेनात.

गमती सांगून टाकते. दर फेब्रुवारीत एक बँकेतले साहेब जिने चढून यायचे. "वहिनी, रात्रीचा पिक्चर बंद ठेवा हो. मुलाची दहावी आहे."

"मग तुमच्या घरची वायर काढून टाकते."

"वायर काढली तर मी काय बघू?"

हे तीन वर्षं चाललं, कारण मुलगा तीनदा बसला.

दुसरी गंमत भांड्यांच्या दुकानाच्या मोहनशेठची. एके दिवशी एक सभ्य दिसणारा माणूस फोटो घेऊन आला. म्हणाला, मोहनशेठ सकाळी हार्ट अटॅकने गेले, चार वाजता उचलणार. मी पुठ्ठा केला आणि दुपारच्या पिक्चरआधी लावला. थोड्या वेळाने मोहनशेठ स्वतः बनियनवर, धापा टाकत, हाताला वरणभात लागलेला, अशा अवस्थेत दारात उभे. "बाई, जेवता जेवता बघतो तर मी मेलेलो. बायको मला बघते, टीव्हीला बघते. खाली चार जण हार घेऊन आलेत, त्यांना काय सांगू?" तो सभ्य माणूस त्यांचा फुटलेला भागीदार निघाला.

त्या दिवशी मी नियम केला. बाईमाणूस नवऱ्याच्या मरणाबद्दल खोटं बोलणार नाही, एवढा माझा जगाचा अभ्यास होता. म्हणून लग्न झालेल्या पुरुषाचा पुठ्ठा त्याच्या बायकोच्या तोंडून ऐकल्याशिवाय लावायचा नाही. ती अर्थातच त्या दिवशी जिने चढून येणार नाही, म्हणून मीच स्कूटर काढून तिच्या घरी जायची, दारात उभी राहायची आणि विचारायची, "लावू ना?" ती मान हलवायची. वाईट काम होतं, पण पुन्हा चूक झाली नाही.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला घेतलं ते सांगते.

कोळीवाड्यातला काशिनाथ उरणच्या एका बोटीवर खलाशी होता. नारळी पौर्णिमेनंतर बोटी बाहेर पडल्या आणि पहिल्याच फेरीत वादळात त्याची बोट उलटली. बोटीवर चार माणसं होती. दोघांची प्रेतं किनाऱ्याला लागली. तिसऱ्याला, बाबूला, गुजरातच्या एका बोटीने पाण्यातून उचललं, आणि त्याच्या आईचं आपला पोरगा मेला म्हणून रडून झाल्यावर आठवड्याने तो एसटीतून उतरून घरी चालत आला. चौथा काशिनाथ. त्याचा पत्ता नाही.

महिना-दीड महिना गेल्यावर त्याचा थोरला भाऊ धर्मा माझ्याकडे आला. सरळ माणूस, आवाज खाली ठेवून बोलणारा.

"वहिनी, भावाचा पुठ्ठा लावायचा हाय. प्रेत नाय, म्हनून दर्भाचा पुतला जालून कार्य करायचं ठरलंय."

"हिराबाई काय म्हणते?" हिरा काशिनाथची बायको.

"ती नाय म्हनते."

"मग मला लावता येणार नाही."

"वहिनी, आई खाटंवर पडलीय. जेवत नाय. एकच बोलते, पोराचं कार्य डोल्यांनी बगते, मग जाते. मी तिला काय सांगू, केबलवाली नाय म्हनली?"

मी म्हटलं, मी हिराशी बोलते. दुसऱ्या दिवशी मच्छी मार्केटात गेले. हिरा आपल्या ओट्यावर बसली होती. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या, हातात कोयता. मला बघताच अख्ख्या ओळीला ऐकू जाईल असं म्हणाली, "काय गो केबलवाले, मावरं घ्यायला आलीस का मानूस मारायला?"

आजूबाजूच्या बायका हसल्या. मी म्हटलं, "बोंबील दे. आणि धर्मा आला होता."

"येवदे. बाबू आला ना परत? त्याच्या आयशीनं बी छाती बडवून घेतली होती. आला का नाय?"

"आला."

"मग माजा कशावरून नाय येनार? तो पोवनारा मानूस हाय."

"मी काही म्हणत नाही. तू सांगशील तेव्हाच लावीन, एवढंच सांगायला आले."

तिने बोंबील कागदात गुंडाळले, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "लय उपकार."

त्यानंतरचे महिने तिला सोपे गेले नाहीत, आणि मलाही. कोळीवाड्यात तिच्या कुंकवाला नावं ठेवायला लागले. पाणी भरताना बायका तिच्याशी बोलेनात. सासू घरात पडल्या पडल्या, "माजा पोर तिकडं कार्याची वाट बगतोय, या बायला बांगड्या सुटत नायत," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची. धर्माच्या भाऊबंदांनी चिडून कोळीवाड्याच्या तोंडाशी आमची वायर कापली. नवऱ्याने ती जोडली, त्यांनी पुन्हा कापली. नवरा मला म्हणाला, "तुझ्या नियमापायी तो सगळा भाग हातचा जाणार. त्यांचा माणूस, त्यांना मेलाय म्हणायचंय, तुला काय?" मी म्हटलं, बायकोला म्हणायचं नाही ना. तो पुन्हा शिडी घेऊन गेला.

शिमग्याला समुद्रावरच्या सगळ्या बोटी घरी येतात. कुठल्याही बंदरात असला तरी कोळी शिमग्याला घर गाठतो. त्या वर्षीची होळी पेटली, नाच झाले, बोटी रंगवून पुन्हा निघण्याच्या तयारीला लागल्या. त्यानंतर एका दुपारी हिरा जिने चढून वर आली. मार्केटातला आवाज नव्हता.

"शिमग्याला नाय आला, वहिनी," ती म्हणाली. "जित्ता असता तर आला असता. उद्या सकाळी खाडीवर कार्य धरलंय. आज पुठ्ठा लावा."

मी फोटो मागितला. फोटो नव्हता. लग्नातला एक होता, पण त्यात मुंडावळ्यांनी अर्धा चेहरा झाकलेला. तिने पदराखालून एक व्हिडिओ कॅसेट काढली. आदल्या वर्षी धर्माच्या मुलीच्या हळदीचं शूटिंग रफिकभाईने केलं होतं. पनवेलमधली निम्मी लग्नं रफिकभाईनेच काढली. "यात हाय तो," ती म्हणाली. "यातून काडता येईल का?"

असं मी कधी केलं नव्हतं, पण करता येण्यासारखं होतं. व्हीसीआरवर कॅसेट लावायची, चेहरा आला की पॉझ करायचं आणि ते थांबलेलं चित्र पुठ्ठ्याऐवजी बाहेर सोडायचं. आम्ही दोघी टीव्हीसमोर बसलो. काशिनाथ बऱ्याच ठिकाणी होता. मी थांबवायची आणि ती नाकारायची.

"ह्याच्यात नको, प्यायलेला दिसतो."

"हे?"

"ह्याच्यात माज्या जावेकडं बगतोय. पुढं घ्या."

शेवटी एक सापडलं. खांद्यावर पाण्याची कळशी, गालाला हळद, मागे वळून कॅमेऱ्याकडे बघणारा. "हां," ती म्हणाली आणि बघत बसली. थोड्या वेळाने खटकन आवाज झाला आणि काशिनाथ चालायला लागला. हिरा दचकली. मी तिला समजावलं. पॉझमध्ये टेप एकाच जागी घासत राहते, झिजते, म्हणून मशीन चित्र फार वेळ धरून ठेवत नाही. चार-पाच मिनिटं झाली की आपणहून सोडून देतं. धरून ठेवायचं तर त्याच्या आत आपण बटण सोडून पुन्हा दाबायचं.

"तुमच्या मशीनला बी घाई," ती म्हणाली.

संध्याकाळी पिक्चरच्या आधी मी शोकसंदेश वाचला. "कोळीवाड्यातील श्री. काशिनाथ यांचे समुद्रावर निधन झाले असून, त्यांचे उत्तरकार्य उद्या सकाळी खाडीकिनारी होईल." हिरा घरी गेली नव्हती. माझ्या शेजारी स्टुलावर बसली होती. वाचून मी माइक बंद केला. आमची जोडणी अशी होती की माइक बंद झाला की टेपचा आवाज बाहेर जायला लागायचा. टेप थांबलेली होती, म्हणजे आवाज नव्हताच. गावभर काशिनाथचा चेहरा स्थिर उभा होता, मधून एक पांढरी रेघ थरथरत होती.

वेळ होत आली तसा मी बटणाकडे हात नेला. हिराने माझं मनगट धरलं. मासे कापणारी बाई, पकड चांगली घट्ट होती.

"ऱ्हाऊदे. जरा चालूदे त्याला."

मी हात मागे घेतला. तिचा नवरा आहे, तिने ठरवावं, एवढंच तेव्हा माझ्या डोक्यात आलं. खटका पडला. काशिनाथ वळला, कळशी सावरली, कॅमेऱ्याकडे बघून हसला आणि पनवेलमधल्या प्रत्येक टीव्हीतून मोठ्याने बोलला, "ए रफिकभाय, माजा कशाला काडतोस? नवरीचा काड! मी काय कुठं पलून चाललोय?" मागे बायका खिदळल्या. मग तो चालत डाव्या बाजूने चित्राबाहेर गेला. रफिकभाईचा कॅमेरा नवरीकडे वळला. मी पिक्चर सुरू केला.

हिराने बांगड्या फोडल्या नाहीत. एकेक करून हातातून उतरवल्या आणि माझ्या रंगाच्या डब्यांशेजारी ठेवल्या. कपाळ पदराने पुसलं. मी पाण्याचा तांब्या पुढे केला, ती प्यायली. सहा-सात महिने बाई सगळ्या वाड्याशी भांडत होती, आता तिचं भांडण संपलं होतं. मला बरं वाटलं, हे लिहायला हरकत नाही.

तेवढ्यात धर्मा वर आला. एवढा हळू बोलणारा माणूस, पण दारातूनच ओरडला, "वहिनी, काय केलंत तुमी हे?"

त्याची आई खाटेवरून उठली होती. कित्येक आठवडे कूस बदलायला दोन माणसं लागत होती ती म्हातारी उठून, भिंत धरत टीव्हीपर्यंत गेली आणि काचेवर हात ठेवून उभी राहिली.

"म्हनते पोर बोलला," धर्मा सांगत होता. "म्हनते, उद्या कोनाला जालताव? मी बोललो, आई, ती आपल्या पोरीच्या हलदीची कॅसेट हाय. तर मलाच बोलते, हलदीचं हाय ते मला बी दिसतंय, मी काय येडी नाय. पन बोलला तो आता. मी पलून चाललो नाय बोलला."

दुसऱ्या दिवशी सकाळी भटजी आले, दर्भाचा पुतळा तयार झाला, लाकडं खाडीवर गेली होती. म्हातारी उंबऱ्यात बसली. म्हणाली, माझ्या अंगावरून न्या. कोणाची हिंमत झाली नाही. लाकडं परत आणली. त्याच दुपारी तिने कासाराला बोलावलं आणि स्वतः समोर बसून हिराच्या हातात हिरव्या बांगड्या भरायला लावल्या. मी धर्माला विचारलं, हिरा काही बोलली नाही का? तो म्हणाला, "काय बोलनार? हात पुढं केला."

माझ्या नियमात बायको होती. आई नव्हती. नियम करताना मी बनियनवरच्या मोहनशेठचा विचार केला होता, समुद्राचा नव्हे.

म्हातारी जेवायला लागली. चांगली ठणठणीत झाली आणि वर्षानुवर्षं जगली. रोज संध्याकाळी माझ्या पुठ्ठ्यांच्या वेळेला टीव्हीसमोर येऊन बसायची. धर्माने त्या संध्याकाळीच माझ्याकडून कॅसेट नेली होती, ती कुठे टाकली ते त्याने कधी कोणाला सांगितलं नाही. एकदा ती काठी टेकत आमचे तीन मजले चढून आली. "केबलवाले, माजा पोर दाकव." मी म्हटलं, आजी, कॅसेट माझ्याकडे नाही. रफिकभाईची मूळ टेपसुद्धा पुढच्या लग्नात वापरली गेली होती, धंद्यात तसंच चालायचं. तिने खोलीतल्या सगळ्या कॅसेटींवरून नजर फिरवली, माझ्यावर विश्वास ठेवला नाही, आणि उतरून गेली.

हिरा मार्केटात बसतच होती. तिने एकदा जोर लावून नवऱ्याला मेला म्हटलं होतं, ते सगळ्या गावाने पाहिलं होतं. आता तिच्या हातातल्या बांगड्यांकडे बघून गिऱ्हाइकं आपसांत बोलायची. संध्याकाळी घरी गेली की सासू आधी तिचे हात बघायची. मी एकदा मासे घेताना विचारलं, कसं चाललंय. मान वर न करता म्हणाली, "घरात सासू जित्ता धरते, बाजारात लोक मेला धरतात. मी मदी बसून मावरं विकते." मग मला दोन बोंबील जास्त टाकले. का, ते मी विचारलं नाही.

मधल्या काळात आमचा धंदा बदलला. आकाशातून वीस वाहिन्या आल्या, मग चाळीस. कॅसेटवरचे पिक्चर बघायला कोणाला वेळ राहिला नाही. घरोघरी फोन आले, मरणाच्या बातम्या फोनवर जायला लागल्या. मोठ्या कंपनीची माणसं वायरी विकत घ्यायला फिरायला लागली आणि माझा नवरा त्यांच्याशी बोलणी करत होता. आमचं गावचं चॅनल नुसतं चालू असायचं, निळा पडदा आणि कोपऱ्यात वेळ.

अशा दिवसांत एका दुपारी हिरा वर आली. केस पांढरे झाले होते. म्हणाली, "म्हातारी गेली सकाळी. संध्याकाली न्यायची हाय. धर्मा बोलतो, तिच्याबरोबर त्याचा बी पुतला ठेवायचा."

मी म्हटलं, "बस. पण म्हातारीच्या पुठ्ठ्याला तू यायची गरज नव्हती. धर्मा आला असता तरी चाललं असतं."

"तिच्यासाठी नाय आली. नवऱ्याचा लावायचा तर बायको पायजे, तुमचाच नियम ना?"

तिचे हात मोकळे होते. या वेळी घरूनच मोकळे करून आली होती.

पोस्टर कलर वाळून दगड झाला होता. पाणी घालून घोटला. कपाटामागून एक काळा पुठ्ठा काढला, धूळ पुसली. "फोटो?" मी विचारलं.

"नको. नाव पुरे. दोगांचं एकाच पुठ्ठ्यावर लिवा. आईचं वर."

मी लिहिलं. वर चांगुणाबाई, खाली काशिनाथ. हात पूर्वीसारखा सरळ राहिला नव्हता, पण वाचता येत होतं. स्टँडवरचा कॅमेरा चालू केला, पुठ्ठा उभा केला, वाचलं आणि माइक बंद केला. पुठ्ठ्याचं एक बरं असतं, ठेवाल तेवढा वेळ हलत नाही. मी तो नेहमीपेक्षा बराच जास्त वेळ ठेवला. हिरा त्याच स्टुलावर बसून बघत होती. पूर्वी पुठ्ठा लागला की खालच्या दुकानातला फोन वाजायचा, कोण हो, कुठले हो. त्या दिवशी वाजला नाही.

निघताना ती दारात थांबली.

"लोकांनी बगितला असंल ना?"

"हो," मी म्हटलं, आणि ती जिना उतरेपर्यंत पुठ्ठा तसाच राहू दिला.